उन्हाळा, कुदळ आणि घाम

एप्रिल उजाडला की आमच्या महाविद्यालयाचे मैदान ओस पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून धावणारी मुले सुट्टीत घरी जातात, दुपारभर पंख्याखाली लोळतात आणि जून-जुलैत पुन्हा मैदानावर आली की दुसऱ्याच फेरीत धापा टाकू लागतात. आम्हा प्राध्यापकांची अवस्था याहून वेगळी नाही. फरक इतकाच, की आम्ही जुलैतही मैदानावर येत नाही. उन्हाळा हा व्यायामाचा ऋतू नव्हे ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तिची कोणी चौकशीच करीत नाही. प्रस्तुत लेखात मी ती करणार आहे, आणि त्यासाठी साधन म्हणून घेणार आहे कुदळ. मी पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. तेव्हा जेथे आकडेमोड आहे तेथे माझ्यावर विश्वास ठेवावा, आणि जेथे औषधपाण्याचा प्रश्न येईल तेथे आपापल्या डॉक्टरांवर.

ही समजूत अगदीच निराधार आहे असे नाही. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत हिवाळ्यात आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगितले आहे, आणि ग्रीष्मात तो वर्ज्य मानला आहे. मात्र ज्या समाजासाठी हे नियम लिहिले गेले तो समाज खुर्चीवर बसून पगार घेणारा नव्हता. पाणी शेंदणे, लाकडे फोडणे, पायी चालणे हे त्याला चुकत नव्हते. ज्याचे शरीर एरवीही राबतच असते त्याला ग्रीष्मात व्यायाम नको म्हणणे वेगळे, आणि ज्याचे शरीर वर्षभर कशालाच लागत नाही त्याने तेच वचन आडोशाला घेणे वेगळे. मी कित्येक वर्षे दुसऱ्या वर्गात मोडत होतो.

पाच वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. मी आठ-दहा दिवस चाललो. मग कुत्री आडवी आली, दुचाक्या आडव्या आल्या, आणि सर्वांत अधिक आडवे आले ते रस्त्यात थांबवून मुलाच्या प्रवेशाची चौकशी करणारे पालक. चालणे सुटले. घरामागे आमचे लहानसे परडे आहे. तेथे जुन्या विटा, करवंट्या आणि कमरेएवढे वाळलेले गवत याखेरीज काही नव्हते. रस्त्यावर जायचे नसेल तर इथेच काहीतरी करावे, पावसाच्या आधी चार खड्डे खणून झाडे लावावी, म्हणजे व्यायामही होईल आणि सावलीही होईल, असा विचार करून मी मे महिन्यातल्या एका रविवारी कुदळ विकत आणली.

त्या पहिल्या दिवसाची हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण हा लेख तिथूनच निघाला आहे. सकाळी वर्तमानपत्र वाचून, दोन कप चहा घेऊन, साडेदहाच्या सुमारास मी कामाला लागलो. आमच्याकडची तांबडी माती मे महिन्यात जवळपास जांभ्या दगडासारखी वागते. कुदळ मारली की ठिणगी उडते की काय असे वाटावे. पण मला चेव चढला होता. पाणी प्यायला आत जाणे म्हणजे हार मानणे असे काहीतरी डोक्यात होते. सव्वा तास मी खणत होतो. मग पोटऱ्यांत गोळे आले. त्याकडे दुर्लक्ष केले. मळमळू लागले, डोके ठणकू लागले, आणि खड्ड्यातून मान वर केली तेव्हा समोरची भिंत हलल्यासारखी वाटली. शेजारच्या अज्जी कुंपणावर कपडे वाळत घालीत होत्या. “इष्ट बिसलाग?” म्हणजे, एवढ्या उन्हात? असे त्या ओरडल्याचे आठवते. पुढचे मी जमिनीवर बसून ऐकले.

अज्जींनी आणि माझ्या पत्नीने मिळून मला पडवीत आडवे केले, पाय उशीवर ठेवले, सदरा काढला, अंगावर ओला पंचा टाकून पंखा लावला, आणि थोड्या वेळाने मीठ घातलेले मज्जिगे, म्हणजे आपले ताक, घोट घोट पाजले. तासाभरात मी माणसात आलो. वैद्यकाच्या भाषेत याला उष्णतेने आलेली ग्लानी म्हणतात. ती ओळखली गेली नसती आणि मी तसाच खणत राहिलो असतो तर पुढची पायरी उष्माघाताची होती. ती किती जवळ होती हे मला नंतर आकडेमोड करताना कळले.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात आमच्या बागेचे माळीमामा भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. ते म्हणाले, “सर, बारा वाजता ढोरं बी सावलीला बसत्यात. तुम्ही काय खणाय लागलायसा?” मी व्यायामाचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मग तालमीत जाऊन बघा की, पैलवान कवा खणत्यात ते.”

मामांचे बोलणे मला लागले आणि पटलेही. आमच्या या बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात खणणे हा व्यायाम आहे हे कोणा पैलवानाला समजावून सांगावे लागत नाही. हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरून खालीवर करणे हा मेहनतीचाच भाग असतो. त्याने दंड, खांदे, पाठ आणि पकड तयार होते. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात. पण ही सारी मेहनत पहाटे होते, किंवा ऊन उतरल्यावर. जाड भिंतींच्या, लहान झरोक्यांच्या खोलीत, छपराखाली होते. म्हणजे काय करायचे याइतकेच केव्हा आणि कोठे करायचे हेही ठरलेले आहे. मी त्यातले पहिले तेवढे उचलले होते.

आता आकड्यांकडे वळू. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा घेऊ. त्याचे घनफळ सुमारे ०.२२ घनमीटर भरते आणि त्यातली माती अदमासे ३५० किलो. ही माती सरासरी ६० सेंटिमीटर उचलून काठावर टाकायची. कार्य म्हणजे वजन गुणिले उंची, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल. ३५० गुणिले ९.८ गुणिले ०.६ म्हणजे सुमारे २०६० ज्यूल. किलोकॅलरीत सांगायचे तर अर्धी. एक ग्रॅम साखरेत चार किलोकॅलरी असतात. म्हणजे हिशेबाप्रमाणे हा अख्खा खड्डा साखरेच्या चिमटीभर कणांवर खणून व्हायला हवा! हे गणित मी वर्गात घातले तेव्हा मुले मनापासून हसली. एका विद्यार्थिनीने मात्र लगेच विचारले, “सर, मग दमतो कशाने?”

प्रश्न अगदी नेमका आहे. दमवते ती माती नव्हे, दमवतो तो आपलाच देह. कुदळ मारताना दर वेळी आपण तीनेक किलोची कुदळ मीटरभर वर नेतो, आणि तिच्याबरोबर कमरेच्या वरचा स्वतःचा चाळीस किलोचा भार फूटभर उचलतो. एका घावाला सुमारे १५० ज्यूल धरू. मिनिटाला पंधरा घाव आणि विश्रांती वगळून साठ मिनिटे काम, म्हणजे ९०० घाव. १,३५,००० ज्यूल, किंवा ३२ किलोकॅलरी. माती उचलण्याच्या साठपटीहून अधिक. त्यातही स्नायू हे यंत्र म्हणून फार काटकसरी नाही. त्याला मिळालेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. शिवाय वाकून राहणे, तोल सावरणे, कुदळ घट्ट धरून ठेवणे यांत काहीही हलत नसले तरी ऊर्जा जातच असते. शरीरशास्त्रज्ञ हा सारा खर्च श्वासातला प्राणवायू मोजून काढतात. स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिला ते एक ‘मेट’ म्हणतात; दर किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. नेटाने खणण्याला पाच मेट धरतात. माझे वजन ७० किलो. म्हणजे तासाला ३५० किलोकॅलरी. यातला कामाचा वाटा वजा केला तरी जवळजवळ ३०० किलोकॅलरी उष्णता तासाभरात माझ्या अंगात तयार होते.

या तीनशेंचे काय होते, हाच उन्हाळ्यातल्या व्यायामाचा सगळा प्रश्न आहे. मानवी शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ आहे. म्हणून माझे तापमान एक अंशाने वाढवायला ५८ किलोकॅलरी पुरतात. तयार झालेली उष्णता बाहेर टाकलीच गेली नाही तर तासाभरात ३७ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत मजल जाईल, आणि ४० अंशांच्या पुढे मेंदूचे काम बिघडू लागते. थंडीच्या दिवसांत हवा त्वचेपेक्षा बरीच गार असते. निम्मी-अधिक उष्णता ती आपणहून घेऊन जाते. मे महिन्याच्या दुपारी हवाच ३५-३६ अंशांची, म्हणजे त्वचेइतकीच. त्या वाटेने काही जात नाही. उलट निरभ्र आकाशातला माथ्यावरचा सूर्य जमिनीवर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊर्जा ओततो आणि त्यातला काही भाग आपल्या पाठीवर पडतो. शिल्लक राहतो एकच मार्ग, घामाचा.

घाम ही निसर्गाची फार अजब योजना आहे. एक लिटर घाम त्वचेवर सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे माझ्या तीनशेंसाठी अर्धा लिटर घाम पुरे, वर उन्हाच्या भरीसाठी आणखी थोडा. पण ‘सुकला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपाळावरून ओघळून मातीत पडलेला थेंब काहीही घेऊन जात नाही. तो नुसता पाणी आणि मीठ वाया घालवतो. म्हणूनच उन्हाळ्याची बाधा केवळ पाऱ्यावरून ठरत नाही. गोव्यात ३३ अंश असताना माणूस चिंब होतो आणि तरी जीव घुसमटतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असते. आमच्याकडे मार्च-एप्रिलची दुपार कोरडी. घाम येतो आणि आल्याबरोबर उडतो, सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उमटतात. आपल्याला घामच आला नाही असे वाटते आणि पाणी पिण्याची आठवण राहत नाही. हा कोरड्या हवेचा फसवा भाग. पुढे मे महिन्यात वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशीची हवा वरून गार वाटते, पण दमट असते. त्या दिवशी त्याच कामाला नाडी अधिक धावते, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे.

हे सारे एका आकड्यात पकडण्याची युक्ती १९५०च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षण तळांवर निघाली, कारण तेथे कवायतीत जवान उष्माघाताने पडत होते. यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ साली ती प्रसिद्ध केली. तीन तापमापक घ्यायचे. एक साधा, सावलीतला. दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळायची आणि तो उघड्यावर ठेवायचा. तिसरा काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवून उन्हात ठेवायचा. ओल्याचे वाचन ०.७ने, काळ्या गोळ्याचे ०.२ने आणि साध्याचे ०.१ने गुणून बेरीज करायची. ओल्या तापमापकाला दिलेले वजन पाहा. दहातले सात गुण घाम सुकण्याला आहेत. मध्यम श्रमाच्या कामासाठी ही बेरीज उन्हाची सवय नसलेल्याला २५पर्यंत आणि सवय झालेल्याला २८पर्यंत चालते असे औद्योगिक आरोग्याचे जाणकार मानतात. आमच्या प्रयोगशाळेतले तापमापक आणि काळा रंग दिलेला पितळी तांब्या घेऊन मी परड्यात हा प्रयोग केला. तांब्या म्हणजे काही प्रमाणित गोळा नव्हे, पण अंदाजाला पुरतो. मे महिन्यातल्या एका सकाळी साडेसहाला बेरीज २१च्या थोडी वर आली. त्याच दिवशी दुपारी बाराला ती ३०च्या पुढे होती. कुदळ तीच, माती तीच, माणूस तोच. माळीमामांची ढोरे हा हिशेब न करताच सावलीला बसतात.

सवय झालेला आणि न झालेला, हा भेद केवळ बोलण्यापुरता नाही. रोज थोडा वेळ उष्णतेत श्रम केले तर एक-दोन आठवड्यांत शरीर खरोखर बदलते. रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे हृदयाला तेवढ्याच कामासाठी कमी ठोके पुरतात. घाम लवकर सुटतो, अधिक येतो, आणि त्यातले मीठ कमी होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत नव्या कामगारांचे उष्माघाताने मृत्यू होऊ लागले तेव्हा त्यांना असे टप्प्याटप्प्याने तयार करण्याची पद्धत तेथे पडली. आजचा दंडक असा, की नव्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकेच करावे आणि रोज तेवढीच भर घालावी. एक तास खणायचे असेल तर पहिल्या दिवशी बारा मिनिटे! मी पंचाहत्तर मिनिटे खणत होतो, तेही चुकीच्या वेळी. आणि ही कमाई टिकाऊ नसते. दोन-तीन आठवडे खंड पडला की ती ओसरते, मग पुन्हा बारा मिनिटांपासून सुरुवात.

बागेतले प्रत्येक काम व्यायाम ठरते का? नाही, आणि येथे थोडे स्पष्ट बोलायला हवे. निरनिराळ्या कामांचे मेट देणारी एक सूची १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०००, २०११ व २०२४ साली निघाल्या. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम व्यायाम. तासाला पाच किलोमीटर वेगाने चालणे साडेतीनच्या आसपास येते. खुरपणी साडेतीन ते पाच, खणणे साडेतीनपासून पाचापर्यंत, फार जोर लावला तर त्याहून वर. पण उभे राहून नळीने झाडांना पाणी घालणे जेमतेम दीड! संध्याकाळी लुंगी नेसून गुलाबांवर पाणी शिंपडीत शेजाऱ्याशी राजकारण बोलणारे आमचे काही मित्र स्वतःला बागकाम करणारे म्हणवतात. मनाला त्याने बरे वाटत असेल, हृदयाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. तेच पाणी विहिरीतून शेंदून दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन नेले तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे काम असे आहे. खणणे, उचलणे, वाहणे यांत या दोन्ही गोष्टी एकदम साधतात. चालण्यात दुसरी फारशी साधत नाही.

कामातला व्यायाम हा खरा व्यायाम आहे का, ही शंका जुनी आहे. तिचे एक प्रसिद्ध उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दिले. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. त्या वाहकांनी व्यायाम म्हणून काही केले नव्हते. तिकिटे फाडली होती. आपण कशासाठी जिना चढतो आहोत याच्याशी हृदयाला कर्तव्य नसते.

मी हे सारे आमच्या कक्षात उत्साहाने सांगत असता कन्नड विभागातल्या एक सहकारी शांतपणे म्हणाल्या, “सर, तुम्ही दोन कळशा आणल्या तर तो व्यायाम. आमच्या आईनं चाळीस आणल्या, ते काम. तिला कोणी नाडी बघायला सांगितली नाही.” मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. आमच्या घराच्या मागच्या रस्त्यावर केबलसाठी चर खणणारे स्त्री-पुरुष त्याच मे महिन्यात बाराच्या उन्हात खणत होते. मी सकाळची वेळ निवडू शकतो, मधेच थांबू शकतो, नको झाले तर कुदळ ठेवून आंघोळीला जाऊ शकतो. व्यायाम आणि मजुरी यांतला फरक मेटमध्ये नाही, तो या निवडीत आहे. अहमदाबादेत २०१०च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, आणि २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र कृतियोजना आखली. तशा योजनांत उन्हात राबणाऱ्यांच्या कामाची वेळ बदलण्याचा आग्रह असतो. आपल्या घरी गवंडी, माळी कामाला असतील तर ही योजना आपल्या फाटकापाशी आपल्यालाच अमलात आणता येते.

आता अवजारांविषयी आणि कमरेविषयी. आपल्याकडचे खोरे आखूड दांड्याचे. ते माणसाला दुमडून ठेवते. उंच माणसाने दांडा लांब बसवून घ्यावा, सुतार तासाभरात करून देतो. वाकताना पाठीची कमान न करता ढुंगण मागे नेऊन खुब्यातून वाकावे, गुडघे सैल सोडावे, आणि भरलेली बुट्टी उचलून कमरेत पीळ देऊन बाजूला टाकण्याऐवजी पाय वळवून टाकावी. माझ्या एका मित्राची कमर मातीच्या वजनाने गेली नाही, त्या पिळाने गेली. खुरपणी उकिडवे बसून करतो. तसे बसणे खुब्यांना आणि घोट्यांना उत्तम, पण तासन्‌तास तसेच सरकत राहिले तर गुडघे कुरकुरतात. दहा-पंधरा मिनिटांनी उठावे, चार पावले चालावे, पुन्हा बसावे. हे उठणे-बसणे हाच मुळात अर्धा व्यायाम आहे, आणि वय वाढल्यावर जमिनीवरून हात न टेकता उठता येणे ही काही लहान गोष्ट राहत नाही. जाता जाता: बुट्टी हा शब्द पुण्याच्या पाहुण्यांना कळत नाही, आणि आमच्या कन्नड मित्रांना तो मराठी आहे हे पटत नाही. कुदळ आणि त्यांची गुद्दली यांचे नाते भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. उन्हाळ्यात श्रम चालू असताना पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, हे साधे प्रमाण. तासाभराच्या सकाळच्या कामाला साधे पाणी पुरते. अधिक वेळ घाम गाळला तर मीठ घातलेले ताक, कोकमाचे सरबत किंवा पन्हे. नुसते पाणीच लिटरच्या लिटर ढोसणेही बरे नव्हे, रक्तातले मीठ पातळ होते. कपडे सुती, सैल, फिकट रंगाचे. डोक्याला पंचा किंवा टोपी. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी. २२०मधून वय वजा केले की नाडीची ढोबळ कमाल मर्यादा मिळते, तिच्या साठ-सत्तर टक्क्यांत काम ठेवावे. घड्याळ नको असेल तर काम करता करता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी खूण पुरे. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा साखर उतरवणारी औषधे वा इन्सुलिन असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे आणि उपाशीपोटी कुदळ हाती धरू नये. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून दहा वर्षांत लस घेतली आहे का पाहावे. विटांचे ढीग हाताने उपसू नयेत, खाली कोण झोपले आहे याचा नेम नसतो.

गोळे येणे, मळमळ, डोकेदुखी, अंधारी ही शरीराची पहिली हाक. तेथेच थांबावे, सावलीत आडवे व्हावे. पण काम करणारा असंबद्ध बोलू लागला, भलतेच वागू लागला, बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. १०८ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये; अंगावर पाणी ओतीत राहावे, वारा घालावा, काखेत-जांघेत बर्फ ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. येथे मिनिटांना किंमत असते.

माझ्या साखरेचे काय झाले, असे पुष्कळजण विचारतात. स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात, हे आता चांगले माहीत आहे, आणि माझ्या रक्ताचा तीन महिन्यांचा आकडा आठच्या वरून सातच्या जवळ आला हेही खरे. पण त्याच काळात मी रात्रीचा भात बंद केला होता. एका माणसाच्या अनुभवातून कुदळीला सगळे श्रेय देणे शास्त्रीय होणार नाही. गोळ्या अजून चालू आहेत. एवढे मात्र सांगू शकतो की चालणे मी दहा दिवसांत सोडले आणि कुदळ पाच वर्षांत सोडलेली नाही. चालून परत आलो की हातात काही नसे. येथे खड्डा दिसतो. काल किती होता आणि आज किती झाला हे दिसते.

आणि खड्डा उन्हाळ्यातच खणायचा असतो. एप्रिल-मेमध्ये खणून दोन-तीन आठवडे उघडा ठेवला की ऊन आत शिरते, मातीतली कीड आणि तणाची मुळे बरीचशी मरतात. मग वरच्या थराची माती, शेणखत आणि पालापाचोळा भरून, मधोमध थोडा उंचवटा ठेवून, पहिल्या पावसांत ती बसू द्यायची आणि रोप लावायचे. लिंबू, शेवगा यांना दोन फुटी खड्डा चालतो. आंबा, फणस यांना तीन फुटी हवा, म्हणजे काम सव्वातीन पटींहून अधिक. गणित करून पाहावे. मऊ हात असलेल्यांनी पहिल्या वर्षी लिंबावर थांबावे. माझ्या त्या पहिल्या, अर्धवट राहिलेल्या खड्ड्यात आज कोकम आहे. अज्जींनीच रोप दिले, आणि लावताना त्या कुंपणापलीकडून देखरेख करीत होत्या.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागची पट्टी अजून मोकळी आहे. तेथे या उन्हाळ्यात चौदा खड्डे घ्यायचे प्राचार्यांशी बोलून ठरवले आहे, आठ दोन फुटी आणि सहा तीन फुटी. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारपासून सकाळी साडेसहा ते साडेसात. पहिल्या दिवशी कोणालाही बारा मिनिटांहून अधिक कुदळ मिळणार नाही. अवजारे माळीमामांकडे आहेत, पाण्याची बाटली आपली आपण आणावी, आणि खोरी धुऊन परत करावीत. त्या बाबतीत मामा प्राचार्यांचेही ऐकत नाहीत.